पिस्तूल नेमबाजीचा खर्च: काडतुसं घरी भरता येतील का? (नाशिक)

गोदाकाठची_आई
नमस्कार मंडळी. माझी मुलगी दहावीत आहे. दोन-अडीच वर्षं १० मीटर एअर पिस्तूल खेळते आणि मनापासून खेळते. आता तिचे सर म्हणतात की पुढच्या वर्षापासून २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूलही सुरू करू. तिथे .२२ ची काडतुसं लागतात, त्यामुळे घरात खर्चाची चर्चा सुरू झाली. माझी नोकरी, यांचं गंगापूर रोडला छोटं दुकान. दोघांची तयारी आहे, पण मर्यादा आहेत.

परवा यांनी अमेरिकेतले काही व्हिडिओ दाखवले. लोक गॅरेजमध्ये टेबलाला यंत्र लावून स्वतःची काडतुसं स्वतः भरतात, विकतच्या निम्म्या खर्चात होतात म्हणतात. वापरलेली पितळी केस पुन्हा पुन्हा वापरतात. आपल्याकडे असं करता येतं का? रेंजवर विचारायला संकोच वाटला म्हणून इथे विचारते. आणि ते जमत नसेल तर खर्च कमी करायचे दुसरे कोणते मार्ग आहेत?

वकीलसाहेब_त्र्यंबकरोड
ताई, संकोच बाजूला ठेवून विचारलंत हे फार चांगलं केलंत. उत्तर स्पष्ट आहे: घरी काडतूस भरणं भारतात गुन्हा आहे, आणि साधासुधा नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ सांगतं की परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवता येणार नाही. आता 'दारूगोळा' कशाला म्हणायचं? त्याच कायद्याच्या व्याख्येत तयार काडतुसाबरोबर काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे व्हिडिओतलं ते टेबलावरचं यंत्रसुद्धा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला कलम २५ खाली किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. त्यात भुकटी आली की स्फोटकांचा कायदा, १८८४ चा, वेगळा लागतो. वैयक्तिक शस्त्र परवाना असला तरी त्यात बनवण्याची परवानगी येत नाही, तो परवाना वेगळा असतो आणि कारखान्यांना मिळतो.

मुलगी २१ वर्षांखालची आहे, तेव्हा तिच्या नावावर सर्वसाधारण परवाना मिळणार नाही. मात्र प्रशिक्षणासाठी, ठरलेल्या अटींवर आणि देखरेखीखाली तिला .२२ पिस्तूल वापरता येतं. म्हणून .२२ चा सगळा व्यवहार क्लबमार्फतच राहू द्या. घरात एकही काडतूस आणू नका, आठवण म्हणून रिकामी केससुद्धा नको.

ह्यूस्टनचा_नाशिककर
मूळचा पंचवटीचा, सध्या टेक्सासमध्ये. इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला परवाना लागत नाही. मी .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरसाठी भरतो. ताईंनी पाहिलं ते खरं आहे, पण व्हिडिओत अर्धंच सांगतात, म्हणून लिहितो.

काडतुसाचे चार भाग: पितळी केस, मागची टोपी म्हणजे प्रायमर, भुकटी आणि गोळी. यात केस सर्वांत महाग आणि फक्त तीच परत वापरता येते. बचत होते ती तिथे. .३८ चा दाब कमी, त्यामुळे केस पुष्कळ वेळा चालते. भुकटी फार थोडी लागते, पौंडात ७००० ग्रेन असतात आणि हलक्या लक्ष्यवेधी काडतुसाला त्यातले जेमतेम तीन-चार. म्हणजे भुकटी स्वस्तच पडते. प्रायमरचं मात्र वेगळं. २०२०-२१ मध्ये प्रायमर दुकानातून गायब झाले, मिळाले तेव्हा भाव काही पट. त्या काळात बचतीचा सगळा हिशोब कोसळला होता. ९ मिलिमीटरमध्ये तर कारखान्याचं काडतूस इतकं स्वस्त मिळतं की घरी भरून फारसं काही वाचत नाही. यंत्र, वजनकाटा, साचे यांचा खर्च वसूल व्हायला हजारो काडतुसं भरावी लागतात. इथे जुने लोक म्हणतात की रीलोडिंग करून पैसे वाचत नाहीत, तेवढ्याच पैशात जास्त गोळ्या झाडल्या जातात. मला ते पटतं.

धोकाही खरा आहे. भुकटी इतकी थोडी की एकाच केसमध्ये चुकून दोनदा पडली तरी वरून कळत नाही, मावते. मग पिस्तूल हातात फुटतं. भुकटी पडलीच नाही तर गोळी नळीत अडकते आणि पुढचा बार मागून येऊन आदळतो. ज्यांना हे काम शांतपणे, टीव्ही बंद करून, एकट्याने करता येत नाही त्यांनी इथेही करू नये.

आणि ताईंसाठी महत्त्वाचं: .२२ कोणीच भरत नाही. इथेही नाही.

जुना_पिस्तूलवाला
शेवटचं वाक्य सगळ्यांनी नीट वाचा, कारण या धाग्याचा निम्मा प्रश्न तिथे संपतो.

.२२ हे रिमफायर काडतूस आहे. त्याला वेगळी टोपी नसते. पेट घेणारं रसायन केसच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेलं असतं, पिन ती कड चेपते आणि बार उडतो. चेपलेली कड पुन्हा सरळ होत नाही. केस एकदा वापरली की भंगार. त्यामुळे कायदा बाजूला ठेवला तरी मुलीच्या खेळात घरी भरण्यासारखं काही नाहीच. महिलांची २५ मीटर पिस्तूल .२२, पुरुषांची रॅपिड फायर .२२, दोन्ही ऑलिंपिक प्रकार. पुन्हा भरण्याजोगी काडतुसं लागतात ती सेंटरफायरमध्ये (बुडाच्या मधोमध वेगळी टोपी असलेली), साधारण .३२ ची. तो प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही आणि ताईंच्या मुलीला आत्ता त्याची गरजही नाही.

आता खर्चाचं. मी खेळाडू म्हणून सुरुवात केली, आता मुलांना शिकवतो. माझं ठाम मत आहे की पालक गोळीचा खर्च मोजतात आणि ट्रिगरचा सराव मोजत नाहीत. उलट हवं.

गणित करून बघा. एअर पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये (नेम धरायच्या खुणांमध्ये) साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असतं. ट्रिगर दाबताना मनगट हललं आणि पुढची साइट मागच्या खाचेत १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा तीसपट म्हणजे सुमारे ३० मिलिमीटर बाजूला जातो. दहाचं वर्तुळ आहे ११.५ मिलिमीटर व्यासाचं, पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर. म्हणजे दहा गुणांऐवजी सात. बरा मॅच म्हणजे स्पर्धेच्या दर्जाचा छर्रा शिकंज्यात पिस्तूल आवळून मारला तर एकामागोमाग दहाच्या आत पडतो. शिकणाऱ्या मुलाचे गुण छर्‍यामुळे जात नाहीत. ते जातात त्या एका मिलिमीटरमुळे, आणि तो एक मिलिमीटर सुधारायला छर्रा लागतच नाही. रिकाम्या पिस्तुलाने सुधारतो.

ड्राय सराव म्हणजे हाच. रोज घरी वीस-पंचवीस मिनिटं. आधी कोऱ्या भिंतीवर, लक्ष्य न लावता. डोळा फक्त साइटवर, ट्रिगर सुटल्यावरही साइट जागेवर राहते का हे बघायचं. ती जिथे होती तिथेच राहिली तर तो दहा. आठवडाभर हे झालं की भिंतीवर छोटं काळं वर्तुळ लावा. खऱ्या लक्ष्याचा काळा भाग ५९.५ मिलिमीटर असतो, ३ मीटरवरून तेवढाच दिसावा म्हणून वर्तुळ अंदाजे १८ मिलिमीटरचं हवं. रेंजवर लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर असतो, घरीही तेवढाच ठेवा. खर्च शून्य.

मात्र एक बघून घ्या. मॅच पीसीपी पिस्तुलात (म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या) ड्राय सरावाची सोय असते, तीच वापरा. स्प्रिंगची एअरगन रिकामी उडवू नका, दट्ट्या आपटून खराब होते. .२२ सुद्धा रिकामं उडवू नये, पिन चेंबरच्या कडेवर आदळते. त्या पिस्तुलाचं मॅन्युअल वाचा किंवा क्लबच्या आर्मररला, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणाऱ्याला विचारा.

कॉलेजरोडचा_बाबा
सर, सगळं मान्य. पण राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. परदेशातला मुलगा घरी बसून हवी तेवढी काडतुसं भरतो आणि आमच्या पोरांनी भिंतीकडे बघून ट्रिगर दाबायचा? स्वप्नील कुसाळेच्या वडिलांनी कर्ज काढून खर्च भागवला हे २०२४ च्या पॅरिस पदकानंतर आपण सगळ्यांनी वाचलं. तो मूळ कोल्हापूर जिल्ह्यातला, पण नेमबाजीचे सुरुवातीचे धडे त्याने आपल्या नाशिकमध्ये घेतले. प्रत्येक मध्यमवर्गीय बापाने कर्जच काढायचं का? खडकीला इतका जुना दारूगोळा कारखाना आपल्याच राज्यात आहे, मग खेळाडूंना स्वस्त काडतूस का मिळू नये?

जुना_पिस्तूलवाला
बाबा, तुमचा राग समजतो आणि मागणी रास्त आहे. खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा, आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. त्यांनी मॅच दर्जाचं .२२ माफक भावात मुबलक दिलं तर हजारो मुलांचं भलं होईल. संघटनांनी हे लावून धरलं पाहिजे. राष्ट्रीय पातळीवर चांगली कामगिरी केलेल्यांना 'नामांकित नेमबाज' म्हणून आयातीत सवलत आहे, पण तिथवर पोहोचेपर्यंतचा काळच पालकांना जड जातो. सवलत पायथ्याशी हवी.

पण एका गोष्टीवर असहमत. भिंतीकडे बघून ट्रिगर दाबणं ही गरिबाची तडजोड नव्हे. ज्यांच्याकडे गोळ्यांना तोटा नाही तेही रोज ड्राय करतात. भीष्मराज बाम सर आपल्या नाशिकचे. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्य खेळाडूंच्या मनाच्या तयारीला दिलं. श्वास, एकाग्रता, एका वेळी एकच शॉट, हे ते सांगत आले, आणि यातल्या कशालाही काडतूस लागत नाही. २०१७ मध्ये ते गेले. मोनाली गोऱ्हे मॅडम २०२१ मध्ये गेल्या, पिस्तुलाच्या मोठ्या प्रशिक्षक. या दोघांनी या शहरात जे पेरलं त्यावर आज आमच्यासारखे लोक शिकवतात.

गोदाकाठची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. घरी सगळं वाचून दाखवलं, काडतुसं भरायचा विषय आमच्याकडे कायमचा बंद.

दोन प्रश्न. छर्‍यांवर वाचवता येतं का? आमच्या बंगल्याच्या मागे लांब पडवी आहे, साधारण बारा मीटर. तिथे एअर पिस्तूल मारलं तर चालेल का?

जुना_पिस्तूलवाला
छर्रे: एका पूर्ण सामन्यात ६० शॉट, वेळ ७५ मिनिटं, त्याआधी सराव-शॉट. धरा ७५ ते ८०. डबीत ५०० असतात, म्हणजे एका डबीत सहा-साडेसहा सामने. मी मुलांना दोन प्रकार ठेवायला सांगतो. रोजच्या सरावाला भारतीय सपाट डोक्याचे, स्पर्धेला आणि त्याआधीच्या दोन आठवड्यांना आयात केलेले मॅच छर्रे. सपाट डोक्याचेच घ्या, टोकदार नकोत. सपाट छर्रा कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतो, टोकदार कागद फाडतो आणि गुण मोजता येत नाहीत. पिस्तुलाला हलका, अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा पुरे.

आणखी एक सवय लावा. आठवड्यातून एखादा दिवस कमी शॉट, पण प्रत्येक शॉटनंतर, लक्ष्य बघण्याआधी, वहीत लिहायचं की तो कुठे गेला असं वाटतं. मग बघायचं. तीस असे शॉट दीडशे नुसत्या शॉट्सपेक्षा जास्त शिकवतात. २५ मीटरलाही हेच. तिथले अर्धे ३० शॉट रॅपिडचे असतात: लक्ष्य ३ सेकंद समोर, ७ सेकंद आड. हात ४५ अंशांवरून वर आणून तीन सेकंदांत शॉट, ही हालचाल मोबाइलवर टायमर लावून घरी रिकाम्या एअर पिस्तुलानेच बसवून घ्या. ती बसल्यावर .२२ ची काडतुसं फोडा, तोवर नको.

वकीलसाहेब_त्र्यंबकरोड
पडवीबद्दल कायदेशीर बाजू: .१७७ म्हणजे साडेचार मिलिमीटर कॅलिबर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. मॅच पिस्तूल पाच-सहा ज्यूलचं, म्हणजे खूप आत. खरेदीची पावती जपून ठेवा. पण छर्रा तुमच्या हद्दीबाहेर गेला आणि कुणाला लागला तर जबाबदारी पूर्ण तुमची. आणि पक्ष्या-प्राण्यांवर कुणी रोखली तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. घरातल्या लहान भावंडांना हे आधीच सांगा. पिस्तूल कुलपात, हवेची टाकी वेगळी काढून.

अंबडचा_फॅब्रिकेटर
माझा मुलगा रायफल खेळतो, त्याच्यासाठी घरी छर्‍यांची पेटी केली, ती सांगतो. सातपूर-अंबडला कुठल्याही शॉपमध्ये एका दिवसात होते. साधारण एक फूट बाय एक फूट तोंडाची पत्र्याची पेटी, बाजू पूर्ण बंद. आत ५ मिलिमीटरची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट ४५ अंशांत, वरचा काठ नेमबाजाकडे झुकलेला. छर्रा प्लेटवर आपटून खालीच जातो, उलट येत नाही. खाली वाळूचा ट्रे. प्लेट सरळ उभी लावू नका, शिसं परत तोंडावर येतं. तोंडाला कागद अडकवायला दोन चाप. पेटीच्या मागे चार बाय चारचं जाड प्लायवूड, त्यावर जुनी सतरंजी, चुकलेल्या छर्‍यासाठी. पडवीत मधे कुठे दार उघडत असेल तर ते आतून कडी लावून मगच सुरू करायचं. चष्मा सगळ्यांना, बघणाऱ्यालासुद्धा.

भंगारातून उरलेली प्लेट घेतलीत तर खर्च मजुरीचाच. मला निरोप पाठवा, आराखडा देतो.

डॉ_इंदिरानगर
त्या वाळूच्या ट्रेबद्दल. छर्रे शिशाचे असतात आणि शिसं वाढत्या मुलांच्या मेंदूला अपाय करतं. ट्रे झाडूने कोरडा झाडू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा, डबा बंद करून द्या. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाणं-पिणं नाही, छर्रे तोंडात धरायची काही मुलांना सवय असते ती ताबडतोब मोडा. घरात लहान मूल रांगत असेल तर त्या पडवीत त्याला सोडू नका.

काडतुसं भरणाऱ्या मित्रांनाही हेच, प्रायमरच्या धुरातही शिसं असतं.

ह्यूस्टनचा_नाशिककर
डॉक्टर, बरोबर. इथे बऱ्याच बंद रेंजवर हात धुवायला वेगळा साबण ठेवतात. मी रक्तातलं शिसं वर्षातून एकदा तपासून घेतो.

गोदाकाठची_आई
पेटीचा आराखडा हवा आहे, निरोप पाठवला. शेवटचा प्रश्न. सध्या पिस्तूल क्लबचं आहे. एका सीनियर मुलीचं जुनं जर्मन पीसीपी पिस्तूल विकाऊ आहे, बऱ्या भावात. घेताना काय बघू?

जुना_पिस्तूलवाला
सगळ्यात आधी हवेच्या टाकीवरची तारीख. या टाक्या २०० बार दाबाला भरतात, आणि या कंपन्या त्या तयार झाल्यापासून १० वर्षंच वापरायला सांगतात. महिना-वर्ष टाकीवर कोरलेलं असतं. मुदत उलटली असेल तर नवी टाकी घ्यावी लागेल, ती किंमत पिस्तुलाच्या भावातून वजा करा. मुदत संपलेली टाकी कितीही चांगली दिसली तरी भरू नका.

मग ट्रिगर. नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅम ओढ हवी. तपासायला यंत्र नको: टाकी काढा, नळी रिकामी आहे याची खात्री करा, पिस्तूल नळी वर करून धरा. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून बाटली आणि दोरीसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५०० ग्रॅम करा, ट्रिगरला अडकवून सावकाश उचला. ट्रिगर सुटला तर ओढ कमी आहे. सामन्याआधीच्या तपासणीत असं पिस्तूल परत पाठवतात.

मूठ मुलीच्या हाताला बसते का बघा, मोठी असली तर कानस मारून कमी करता येते, लहान असली तर लाकडाची लुगदी भरून वाढवता येते. पण नियमातल्या ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत पिस्तूल मावलंच पाहिजे आणि वजन १५०० ग्रॅमच्या वर जायला नको. शेवटी तिला दहा मिनिटं ड्राय करू द्या. रोज उचलावंसं वाटतंय का, हे तिलाच विचारा.

गोदाकाठची_आई
काल संध्याकाळी जाऊन बघितलं. ट्रिगर बाटलीने तपासला, ठीक आहे. टाकीची मुदत पुढच्या वर्षी संपते. त्या ताईंना तसं सांगितलं, त्यांनी नव्या टाकीची निम्मी रक्कम कमी करायचं कबूल केलं. मुलगी तिथून हलायला तयार नव्हती. रविवारी पिस्तूल आणतोय, तोवर पेटीची प्लेट अंबडला कापायला दिली आहे.